नकाराचा हिशेब

वाचकाचे पत्र

ताई, सादर नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका नऊ सदस्यांच्या गट ग्रामपंचायतीचा उपसरपंच आहे आणि ही माझी सदस्य म्हणून दुसरी मुदत आहे. मूळ गाव, एक तांडा आणि अडीच किलोमीटरवरचा कोलाम आदिवासींचा पोड अशा आमच्या तीन वस्त्या. माझ्या आठवणीत सरपंच, उपसरपंच आणि बैठकीत बोलणारे सदस्य गावातल्या चार घरांतूनच आले आहेत. पाच बाया सदस्य आहेत, पण बैठकीला येतात ते त्यांचे मालक. या वेळी नवी माणसे यावीत म्हणून मी तिघांना भेटलो. पोडावरचा बारावी झालेला मुलगा म्हणाला, "तिथं मले कोण बोलू देईन?" बचत गटाचे हिशेब चोख ठेवणारी एक भूमिहीन विधवा बाई म्हणाली, "ज्याच्या वावरात निंदाले जातो, त्याच्याच पोराच्या विरोधात कशी उभी राहू, भाऊ?" झेरॉक्सचे दुकान चालवणारा, पायाने अधू असलेला तरुण नुसताच हसला. माझे कार्यकर्ते म्हणतात की लोकांना हौसच नाही, तेव्हा तुम्हीच तिसऱ्यांदा उभे राहा. लोकांमध्ये उमेद कशी जागवावी, हे कृपया सांगावे.

उत्तर

आदरणीय भाऊ, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले, आणि दोन्ही वेळा मला असे वाटले की तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हीच अवतरणचिन्हांत लिहून पाठवले आहे. तिघांपैकी एकानेही "मला आवड नाही" असे म्हटलेले नाही. एकाने सांगितले की मला बोलू देणार नाहीत, दुसरीने सांगितले की माझी मजुरी जाईल, आणि तिसरा जो हसला, त्याच्या हसण्याचा अर्थ तुमच्या ग्रामपंचायतीच्या इमारतीला किती पायऱ्या आहेत हे मोजल्यावर कदाचित कळेल. ही माणसे हौस नसल्यामुळे मागे सरलेली नाहीत. सदस्य झाल्यावर पदरात काय पडेल आणि पदरचे काय जाईल याचा हिशेब त्यांनी केला आहे, आणि तो तुमच्या कार्यकर्त्यांच्या हिशेबापेक्षा अधिक खरा आहे. म्हणून उमेद जागवण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. तो हिशेब बदलण्यासारखे तुमच्या हातात काय आहे, तेवढेच आपण पाहू.

सुरुवात त्या बाईपासून करते, कारण तिन्ही नकारांत तिचा नकार सर्वांत अवघड आहे आणि तो कोणत्याही प्रशिक्षणाने किंवा भाषणाने सुटणारा नाही. आपल्याकडे ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, पॅनलवर होते, आणि पॅनल म्हणजे बहुधा त्याच चार घरांची वाटणी असते. भूमिहीन बाईचे रोजचे काम, अडीअडचणीची उचल, लग्नकार्याला मिळणारी बंडी किंवा ट्रॅक्टर, बांधावरचे गवत हे सारे ज्या घरावर अवलंबून आहे, त्या घराविरुद्ध तिने अर्ज भरायचा म्हणजे एका खुर्चीसाठी सगळा हंगाम पणाला लावायचा. शिवाय बैठकीचा भत्ता त्या दिवसाच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई होईल इतकाही नसतो. तुम्ही तिला "घाबरू नका, मी आहे" असे म्हणाला असाल तर ते मनापासूनच असेल. पण जुलै महिन्यात तिला निंदणाला बोलावणे आले नाही तर तुम्ही असून काय उपयोग, हे तिला ठाऊक आहे.

यावर माझ्याकडे दोन उपाय आहेत, आणि दोन्ही अर्धेच आहेत हे आधीच कबूल करते. पहिला असा की तिला एकटीला विचारू नका. ती ज्या बचत गटाचे हिशेब लिहिते त्या गटाच्या, आणि शक्य असल्यास गावातल्या सगळ्या बचत गटांच्या मिळून असलेल्या ग्रामसंघाच्या बैठकीत हा विषय निघू द्या आणि उमेदवार कोण हे बायांनाच ठरवू द्या. एकट्या बाईचे काम बंद करणे सोपे असते. ज्या दहा-पंधरा बाया एकत्रच निंदणाला आणि वेचणीला जातात, त्या सगळ्यांचे काम बंद करणे कापूस फुटलेला असताना कोणत्याही शेतकऱ्याला परवडत नाही. तुमच्याच जिल्ह्यातल्या मेटीखेड्याने, महिलांसाठी घटनेने आरक्षण देण्याच्याही आधी, शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीच्या काळात सबंध पंचायत बायांच्या हाती दिली होती. त्या काळी हे घडू शकले, कारण बाया एकेकट्या पुढे न येता जथ्याने पुढे आल्या होत्या.

दुसरा उपाय तुम्ही करायचा आहे. ज्या शेतकऱ्याच्या वावरात ती जाते त्याच्याशी, अर्ज भरण्याच्या कितीतरी आधी, तुम्ही स्वतः जाऊन बोला. तो तुमच्याच बरोबरीचा, कदाचित नात्यातलाही असेल. "बाई उभी राहिली तर तिच्या मजुरीवर गदा येणार नाही" एवढा शब्द चार माणसांसमोर मागायला तुम्हाला संकोच वाटत असेल, तर तिला तिथे उभे राहायला सांगताना तुम्ही तिच्यावर केवढे ओझे टाकत आहात याचा अंदाज त्यावरून येईल. आणि हे सारे करूनही ती "नको" म्हणाली, तर तो नकार मान्य करा. शाळा व्यवस्थापन समिती, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती, ग्रामविकास समित्या अशा अनेक ठिकाणी निवडणूक न लढवता काम करता येते. शाळा व्यवस्थापन समितीत तर शिक्षण हक्क कायद्यानुसार तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. तिथे दोन वर्षे तिने मुख्याध्यापकांना पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब विचारला, तर पुढच्या खेपेस तुम्हाला तिच्याकडे जावे लागणार नाही, ती स्वतःच विचारायला येईल.

पोडावरच्या मुलाच्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी थोडे स्वतःविषयी सांगते. अनेक वर्षांपूर्वी मी वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात महिला राखीव जागेवरून सदस्य झाले. पहिले आठ महिने मी एकाही बैठकीला गेले नाही, कारण मला बैठकीची नोटीसच येत नसे. शिपाई संध्याकाळी प्रोसिडिंगचे, म्हणजे बैठकीच्या इतिवृत्ताचे, पुस्तक घेऊन घरी येई, मी चुलीपुढून उठून हात पुसत सही करीत असे आणि चहा घेऊन तो परत जाई. एके दिवशी वीज गेली म्हणून तो थांबला. कंदिलाच्या उजेडात, काही तरी वाचायचे म्हणून, मी सहीच्या वरचा मजकूर वाचला. आमच्या वस्तीसाठी ठरलेली नाली दुसऱ्या गल्लीत नेण्याच्या ठरावाला मीच अनुमोदन दिले होते. त्या दिवशी मला कोणी उमेद दिली नाही, राग तेवढा आला. परंतु पुढच्या बैठकीला मी गेले ती त्या रागामुळेच. हे सांगण्याचे कारण असे की तुमच्या पाच सदस्य बायांच्या घरीही असेच पुस्तक जात असेल तर नवी माणसे आणण्याआधी ते थांबवणे तुमच्या अधिकारात आहे. नऊपैकी पाच जागा महिलांच्या आहेत, कारण 1993 पासून घटनेने एक तृतीयांश आणि 2011 पासून राज्याने निम्म्या जागा राखून ठेवल्या. म्हणजे तुमच्या पंचायतीत बहुमत बायांचेच आहे, आणि तरीही तुम्ही नव्या माणसांच्या शोधात गावभर फिरत आहात. मासिक बैठकीत निवडून आलेल्या सदस्यांनीच बसावे, मालकांनी बाहेर ओट्यावर थांबावे, प्रोसिडिंग बैठकीतच मोठ्याने वाचून मग सह्या घ्याव्यात, एवढे तीन नियम उरलेल्या मुदतीत तुम्ही पाळून दाखवले, तर "तिथं मले कोण बोलू देईन" या प्रश्नाचे उत्तर पोडापर्यंत आपोआप पोहोचेल. पहिल्या दोन-तीन बैठकांत बाया गप्प बसतील. बसू द्या. त्यांच्या वतीने बोलण्याचा मोह तुम्हीही आवरा.

बैठकीची वेळ हा असाच एक विषय आहे, जो फार क्षुल्लक वाटतो आणि ज्यावर सगळे अडते. सकाळी अकराची बैठक ही पगारदारांच्या आणि बागायतदारांच्या सोयीची वेळ आहे. रात्रीची ठेवावी तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे दोन-दोन गावांचा कारभार असतो आणि ते संध्याकाळच्या गाडीने परततात. आमच्या गावी आम्ही शेवटी आठवडी बाजाराचा दिवस धरला होता. त्या दिवशी मजूर बायामाणसे कामावर जात नाहीत, आठवड्याचे पैसेही त्याच दिवशी मिळतात, आणि पोडावरची माणसे बाजारासाठी एरवीही गावात येतात किंवा गावावरूनच जातात. बाजाराला निघण्यापूर्वी, सकाळी नऊला बैठक ठेवली तर कोणाचीही मजुरी बुडत नाही. तुमच्या बाजाराचा वार मला माहीत नाही, पण उपसरपंच या नात्याने सरपंचांशी बोलून हे पुढच्याच महिन्यात करता येईल. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. त्यांपैकी एक पोडावर आणि एक तांड्यावर घ्या. पोडावरच्या ग्रामसभेत मूळ गावची मंडळी अडीच किलोमीटर चालत किंवा गाडीने जातील, खाली बसतील, आणि तो मुलगा त्या दिवशी यजमान असेल. यजमानाला बोलू देत नाहीत असे आपल्याकडे होत नाही. तुमचा तालुका पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना विशेष अधिकार देणाऱ्या कायद्याच्या क्षेत्रात, येतो की नाही हे पत्रात नाही. येत असल्यास पोडाला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेण्याचा आणि स्वतःची ग्रामसभा भरवण्याचा मार्ग 2014 च्या नियमांनी खुला केला आहे, आणि त्या मुलाला सदस्यत्वापेक्षा तो मार्ग अधिक मोलाचा वाटला तर मला त्याचे नवल वाटणार नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने आपली ताकद ग्रामसभेतूनच उभी केली, पंचायतीच्या खुर्चीतून नव्हे.

आता कागदपत्रांविषयी, आणि हे जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या अनुभवात नवख्या उमेदवाराचा पराभव मतपेटीपेक्षा तहसील कार्यालयात अधिक वेळा होतो. चार घरांतल्या उमेदवाराकडे वकील असतो, माहीतगार कार्यकर्ता असतो. पोडावरच्या मुलाकडे फक्त बारावीची गुणपत्रिका असते. अनुसूचित जमातीच्या राखीव जागेवर तो उभा राहिला तर त्याला जातीच्या दाखल्याबरोबर वैधतेचे प्रमाणपत्रही लागेल, आणि ते ठरलेल्या मुदतीत सादर झाले नाही तर निवडून आलेले पदही जाते. त्यासाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा कुटुंबाचा पुरावा शोधावा लागतो. पोडावरच्या आजोबांनी शाळा पाहिलेली नसेल तर दाखल-खारीज नोंदवहीत काही सापडणार नाही. अशा वेळी कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदींची, नक्कल आणि जमिनीचे जुने कागद शोधावे लागतात, आणि या शोधाला महिने लागतात, निवडणूक जाहीर झाल्यावर मिळणारे थोडे दिवस त्याला पुरत नाहीत. राखीव प्रवर्गातला माणूस सर्वसाधारण जागेवरूनही उभा राहू शकतो, हेही त्याला सांगा. ही गोष्ट गावात फारशी कोणी सांगत नाही, आणि न सांगण्यात काहींचा फायदा असतो.

वय 21 पूर्ण हवे. 1995 किंवा त्यानंतर जन्मलेला उमेदवार सातवी उत्तीर्ण असावा लागतो, त्यामुळे वयाने मोठ्या असलेल्या निरक्षर बाईला अडचण नाही पण तिच्या सुनेला असू शकते. 12 सप्टेंबर 2001 नंतर जन्मलेल्या मुलामुळे अपत्यांची संख्या दोनाच्या वर गेली असेल तर उमेदवारी टिकत नाही. घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी असता कामा नये. कराचे बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत ते भरलेले नसले तर तेवढ्यावरही आक्षेप घेतात, म्हणून तिघांच्याही पावत्या आजच काढून ठेवायला सांगा. शौचालयाच्या वापराबाबतही लिहून द्यावे लागते. या सर्वांत गरिबाला सर्वाधिक भोवणारी अट अतिक्रमणाची आहे. भूमिहीन माणसाचे घर पुष्कळदा गायरानावर किंवा सरकारी जागेवर असते, आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा अर्थ लावला की अतिक्रमण सासऱ्याने किंवा नवऱ्याने केलेले असले तरी त्या घरात राहणारी सदस्य अपात्र ठरू शकते. त्याच न्यायालयाने 2024 मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या महिला सरपंचाला पदावर परत बसवले आणि निवडून आलेल्या बाईला इतक्या सहजपणे हटवण्याबद्दल यंत्रणेला कानपिचक्याही दिल्या, हे खरे. परंतु सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाण्याइतके बळ तुमच्या बचत गटातल्या बाईकडे कुठून येणार? तिच्या घराच्या जागेची नोंद नमुना 8 मध्ये, म्हणजे पंचायतीच्या घरांच्या कर आकारणी नोंदवहीत, कशी आहे, ते आधी पाहा आणि निवासी अतिक्रमण नियमित करण्याचा प्रस्ताव तुमच्याच पंचायतीत पडून असेल तर तो हलवा. उपसरपंच म्हणून तुम्ही तिला देऊ शकाल अशी याहून मोठी मदत मला सुचत नाही.

निवडणूक झाल्यावरचा सापळाही सांगून ठेवते. निकालानंतर 30 दिवसांच्या आत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. जिंकलेल्याने द्यायचा, हरलेल्याने द्यायचा आणि बिनविरोध आलेल्यानेही द्यायचा. न दिल्यास पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येते. हरलेला मजूर दुसऱ्या दिवशी कामावर जातो, हिशेब विसरतो, आणि पुढच्या निवडणुकीत अर्ज भरायला गेल्यावर त्याला कळते की आपले दार बंद झाले आहे. तो झेरॉक्सवाला तरुण उभा राहो न राहो, उमेदवारांचे अर्ज भरणे, प्रती काढणे, पावत्या सांभाळणे हे काम त्याच्याइतके चांगले गावात दुसरे कोणी करणार नाही. मात्र तेवढ्यावरच त्याची बोळवण करू नका. कार्यालयाच्या पायऱ्यांशेजारी रॅम्प बांधा. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, आणि ते कोठे खर्च झाले हे विचारण्याचा पहिला अधिकार त्याचा आहे.

पैशाबद्दल एकच गोष्ट. सदस्यपदाची अनामत सर्वसाधारण उमेदवाराला 500 रुपये आणि राखीव प्रवर्गाला 100 रुपये असते, आणि खर्चालाही निवडणूक आयोगाने मर्यादा घातलेली असते. खरा खर्च ढाब्यावर आणि मतदानाच्या आदल्या रात्री होतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. तो खर्च करणारे तुम्ही आणि तुमचे प्रतिस्पर्धी असे दोन-तीन गटच आहात, तेव्हा तो थांबवण्याविषयी आपसांत बोलायचे असेल तर तेही तुम्हीच.

बिनविरोध निवडणुकीचा विचार तुमच्या मनात येईल, म्हणून लिहिते. मंदिरात बसून, एक जागा पोडाला, एक तांड्याला असे वाटून दिले तर खर्च वाचतो, भांडण टळते, आणि गावाचे कौतुकही होते. मला त्याची भीती वाटते. देवळात कोण बसते, तर तीच चार घरे. त्यांनी दिलेल्या जागेवर बसलेला माणूस त्यांच्याच तोंडाकडे पाहत राहतो. नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथे तर पदांचे लिलाव झाल्यामुळे 2021 मध्ये राज्य निवडणूक आयोगाला निवडणूक रद्द करावी लागली. तिघांपैकी एक जण लढून पडला, तरी त्याच्या नावावर चाळीस मते पडलेली गावाला दिसतात. ती चाळीस मते पुढच्या पाच वर्षांत रस्त्याचा ठराव मांडताना कामाला येतात.

निवडून आल्यावरचे पहिले सहा महिने उमेदवारीइतकेच कठीण असतात. नव्या सदस्याला बैठकीतल्या शब्दांचीच धास्ती वाटते: बंधित निधी (ठरावीक कामांपुरताच), अबंधित निधी (गावाने ठरवलेल्या कामांसाठी), तांत्रिक मान्यता. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशांतले साठ टक्के पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचे होते, ही साधी गोष्ट कोणी समजावून सांगितली नाही म्हणून पोडाचा रस्ता मागणाऱ्या सदस्याला "नियमात बसत नाही" या तीन शब्दांच्या मंत्राने परत पाठवणारे मी पाहिले आहेत, आणि त्या वेळी उरलेल्या चाळीस टक्क्यांविषयी कोणी अवाक्षर काढले नव्हते. बैठकीच्या आदल्या दिवशी अर्धा तास नव्या सदस्यासोबत बसून विषयपत्रिका वाचणारा जुना माणूस हवा असतो. कामासाठी बाहेरगावी जाणाऱ्या सदस्याला हेही सांगावे लागते की पंचायतीकडून रजा मंजूर न करून घेता सलग सहा महिने बैठकांना गैरहजर राहिल्यास पद जाते. तांड्यावरून ऊसतोडीला जाणाऱ्यांना हा नियम विशेष लक्षात ठेवावा लागेल.

असा जुना माणूस म्हणजे तुम्ही. म्हणूनच तुमच्या कार्यकर्त्यांच्या आग्रहाविषयी मी स्पष्ट लिहिते आहे, राग मानू नये. तुमची जागा सर्वसाधारण असेल आणि तुम्ही तिथून तिसऱ्यांदा उभे राहिलात, तर त्या तिघांना दिलेले निमंत्रण उरलेल्या, म्हणजे कोणालाच नको असलेल्या जागांसाठी होते असे गाव समजेल, आणि तसे समजण्यात गावाची चूक नसेल. या वेळी तुम्ही उभे राहू नये, असे माझे मत आहे. तुमच्या प्रभागातून कोणी नवा उमेदवार तयार झाला तर त्याचे कागद तपासा, मतदानाच्या दिवशी त्याचा प्रतिनिधी म्हणून केंद्रावर बसा, निकालानंतर खर्चाचा हिशेब त्याच्यासोबत जाऊन देऊन या. घरच्यांना आणि कार्यकर्त्यांना हे पटवणे पोडावरच्या मुलाला पटवण्यापेक्षा जड जाईल.

पुन्हा पत्र लिहाल तेव्हा कोण उभे राहिले हे सांगण्याआधी, पुढच्या महिन्याची बैठक कोणत्या दिवशी आणि किती वाजता ठेवलीत, आणि मालक ओट्यावर थांबले की आत बसले, तेवढे आवर्जून कळवा.

आपली,
ताई